उपचारानें आलेलें अपंगत्व आणि कायद्यांतील एक प्रक्षेप

जुन्या पोथ्या हाताळणाऱ्या वाचकांस प्रक्षेप म्हणजे काय हें नव्यानें सांगावयास नको. कोणी एक अभ्यासक स्वतःच्या सोयीसाठीं समासांत दोन शब्दांची टीप लिहितो. पुढील लेखक ती टीप मूळाचाच भाग समजून ओळींत घेतो. त्याच्या प्रतीवरून दहा प्रती होतात. आणि तीन पिढ्यांनंतर तो शब्द ग्रंथकाराच्याच लेखणींतून उतरला होता अशी सर्वांची खात्री होऊन बसते. अशा शब्दामुळें श्लोकाचें वृत्त बिघडतें, क्वचित् एखाद्या घराण्याची वंशावळ चुकते. याहून मोठा अनर्थ सहसा होत नाहीं. परंतु हाच प्रकार एखाद्या चालू कायद्याच्या बाबतींत घडला, तर त्याचा परिणाम कागदावर न राहतां माणसांच्या देहावर व पोटावर होतो. असें एक उदाहरण अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत घडलें असून १९२४ पासूनची त्याची हकीकत कागदोपत्रीं उपलब्ध आहे. ती प्रस्तुत निबंधांत क्रमवार मांडण्याचा आमचा विचार आहे.

विषय परदेशीय, आणि आम्ही पडलों जन्मभर संस्कृत शिकविणारे शाळामास्तर. तेव्हां या वाटेस आम्ही कां गेलों याचा खुलासा प्रथम करणें युक्त होय. सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं आम्ही एका तालुक्याच्या गांवीं शिक्षक असतां शेजारीं एक निवृत्त हवालदार राहत असत. पलटणींतून सुटून आल्यावर कांहीं वर्षांनीं अंतर्गळाच्या शस्त्रक्रियेसाठीं ते एका इस्पितळांत दाखल झाले. गेले ते आपल्या पायांनीं चालत; परत आले ते एक पाय ओढीत. कण्यांत दिलेल्या भुलीच्या सुईनंतर पायांतील शक्ति गेली, एवढेंच त्यांस सांगतां येई. त्यांचे अर्ज लिहून देण्याचें काम साहजिकच आमच्याकडे आलें. आम्हीं तीन अर्ज लिहिले. आलेल्या उत्तरांचा सारांश एकच होता: सदरहू व्याधीचा सैनिकी सेवेशीं संबंध नाहीं, आणि उपचारांत कोणाची चूक झाली हें अर्जदारानें दाखविलेलें नाहीं. तें उत्तर आम्हीं वाचून दाखविलें तेव्हां ते म्हणाले, “गुरुजी, चूक कोणाची झाली तें मीं कसें दाखवावें? मला तर तेव्हां भूल दिली होती.” या वाक्यास त्या दिवशीं आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. पुढें अमेरिकेंत स्थायिक झालेल्या आमच्या एका विद्यार्थ्यानें तिकडील सर्वोच्च न्यायालयाच्या १९९४ च्या एका निवाड्याची प्रत आम्हांस पाठविली. ती वाचतांना हवालदारांचें तेंच वाक्य जणूं दुसऱ्या भाषेंत आम्हांस पुन्हां भेटलें. या लेखाचें मूळ तेथें आहे.

मुख्य विषयाकडे वळण्यापूर्वीं आपल्या शास्त्रकारांचें मत थोडक्यांत पाहूं. वैद्याच्या अपराधाचा विचार आपल्याकडे फार जुना आहे. कौटिल्याचें अर्थशास्त्र म्हैसूरच्या शामशास्त्री यांनीं १९०९ सालीं प्रथम छापून प्रसिद्ध केलें. त्यांतील कण्टकशोधन नामक चौथ्या अधिकरणांत नियम असा आहे कीं, जीवास धोका असलेल्या रोगावर न कळवितां उपचार करतांना रोगी दगावल्यास वैद्यास पूर्व साहसदंड करावा. उपचारकर्मांतील चुकीनें दगावल्यास मध्यम. आणि मर्मास इजा होऊन व्यंग आल्यास तो दंडपारुष्याचा, म्हणजे मारहाणीच्या जातीचा, अपराध समजावा. चुकीचा उपचार करणाऱ्या वैद्यास मनूनें व याज्ञवल्क्यानेंही दंड सांगितला आहे. याज्ञवल्क्य तर पशु, मनुष्य व राजपुरुष अशा तीन पायऱ्या करून राजपुरुषाच्या बाबतींत उत्तम दंड सांगतो. दंडपारुष्याच्या प्रकरणांत जखमी मनुष्य बरा होईपर्यंतचा समुत्थानव्यय अपराध्याकडून घ्यावा असेंही स्मृतिकार म्हणतात. परंतु या सर्व व्यवस्थेंत एक गोष्ट गृहीत आहे. प्रथम अपराध ठरला पाहिजे. जें कांहीं द्यावयाचें तें त्यानंतर.

त्याच कौटिल्याच्या योगवृत्त नामक पांचव्या अधिकरणांत दुसराच सूर ऐकूं येतो. राजकार्यांत मेलेल्यांच्या स्त्रीपुत्रांस अन्न व वेतन मिळावें, असें तेथें सांगितलें आहे. येथें कोणाची चूक झाली हा प्रश्नच नाहीं. सेवक राजाच्या कामीं खर्चीं पडला. त्याच्या माणसांचा भार राजावर आला. एवढ्यावर विषय संपला. दहाव्या अधिकरणांत शस्त्रें, यंत्रें, औषधें, स्नेह व वस्त्रें घेतलेले चिकित्सक सैन्याच्या पाठीमागें उभे केले आहेत. परंतु त्या चिकित्सकाच्याच हातून सैनिक पंगु झाला, तर त्यास चौथ्या अधिकरणाचा न्याय लावावा कीं पांचव्याचा? पहिल्यास आपण दोषमूलक न्याय म्हणूं आणि दुसऱ्यास आश्रयमूलक. अमेरिकेंत या दोन न्यायांचा झगडा एकाच कलमाच्या एकाच वाक्यांत जवळ जवळ पाऊणशें वर्षें चालला.

आतां मूळ हकीकत. पहिल्या महायुद्धांत अमेरिका उतरली त्या वर्षीं, म्हणजे १९१७ च्या ऑक्टोबर महिन्यांत, युद्धसेवेंत आलेल्या अपंगत्वाबद्दल भरपाई देण्याचा कायदा तेथील विधिमंडळानें, ज्यास तिकडे काँग्रेस म्हणतात, मंजूर केला. हें काम निरनिराळ्या कचेऱ्यांत विखुरलेलें होतें, तें १९२१ च्या ऑगस्टमध्यें व्हेटरन्स ब्यूरो नांवाच्या एका नव्या खात्याकडे सोंपविण्यांत आलें. त्या खात्याचा पहिला प्रमुख चार्ल्स फोर्ब्स हा होय. इस्पितळांच्या बांधकामांत व सामानाच्या विक्रींत त्यानें केलेल्या गैरव्यवहाराचा बभ्रा होऊन १९२३ मध्यें त्यास जावें लागलें, आणि १९२५ मध्यें सरकारास फसविण्याच्या कटाबद्दल तो दोषी ठरून पुढें तुरुंगांत गेला. त्याच्या जागीं फ्रँक हाइन्स हे आले व १९४५ पर्यंत राहिले. या गोंधळानंतर सर्व नियम एकत्र करून ७ जून १९२४ रोजीं जो कायदा झाला, तो महायुद्धांतील सैनिकांविषयींचा कायदा या नांवानें प्रसिद्ध आहे.

या कायद्याचीं दोन कलमें आपल्या कामाचीं आहेत. एका कलमानें सरकारी इस्पितळांचीं दारें, जागा शिल्लक असेल त्या मानानें, ज्यांचा रोग युद्धसेवेंतून उद्भवलेला नव्हता अशा निवृत्त सैनिकांसही उघडीं झालीं. ही उदारता मोठी खरी. पण तींतून एक नवा पेंच निर्माण होणार हें उघड होतें. ज्याचा मूळ रोग सेवेचा नव्हे, तो उपचारानें पंगु झाला तर तें पंगुत्वही सेवेचें नव्हे, आणि मग त्यास भरपाई कशाच्या आधारें द्यावयाची? या प्रश्नाचें उत्तर २१३ व्या कलमांत दिलें आहे. त्याचा भावार्थ असा: ब्यूरोच्या आश्रयाखालील ज्या कोणास, ब्यूरोनेंच देवविलेलें प्रशिक्षण, इस्पितळांतील वास्तव्य अथवा वैद्यकीय वा शस्त्रक्रियेचा उपचार यांचा परिणाम म्हणून इजा होईल, किंवा असलेली इजा वाढेल, व ती त्याच्या स्वतःच्या गैरवर्तनाचें फळ नसेल, आणि तीमुळें जादा अपंगत्व किंवा मृत्यु येईल, त्यास तें जणूं युद्धसेवेंतच आलें असें समजून लाभ द्यावा.

मीमांसेचा परिचय असलेल्या वाचकांच्या लक्षांत येईल कीं, हा शुद्ध अतिदेश आहे. एका ठिकाणचे धर्म दुसऱ्या ठिकाणीं ‘त्याप्रमाणेंच’ या शब्दानें नेणें यास आपले मीमांसक अतिदेश म्हणतात. रणांगणावर गोळी लागलेल्या शिपायास ‘ही गोळी कोणाच्या चुकीनें लागली?’ असें कोणी विचारीत नाहीं. त्या शिपायाचे धर्म उपचारानें पंगु झालेल्यास लावले असतील, तर त्यासही तो प्रश्न विचारतां येऊं नये. कलमांत वैद्याच्या दोषाविषयीं एक अक्षर नाहीं. दोष म्हणून जो उल्लेखिला आहे तो रोग्याच्या स्वतःच्या गैरवर्तनाचा. हें मूळ वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

१९३० मध्यें हा ब्यूरो, जुनें पेन्शन खातें व अपंग सैनिकांचीं वसतिगृहें चालविणारी संस्था या तिहींचें मिळून व्हेटरन्स अॅडमिनिस्ट्रेशन हें एक मोठें खातें झालें. लवकरच मंदीचा काळ आला. २० मार्च १९३३ रोजीं राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या कारकीर्दीच्या आरंभींच काटकसरीचा जो कायदा झाला, त्यानें २१३ वें कलम इतर अनेक कलमांबरोबर रद्द केलें. त्यावर सैनिकवर्गांत मोठा असंतोष माजला, आणि एका वर्षाच्या आंत, २८ मार्च १९३४ रोजीं, राष्ट्राध्यक्षांचा नकार डावलून विधिमंडळानें पुष्कळसे लाभ परत दिले. त्यांत हें कलमही जवळ जवळ त्याच शब्दांनीं पुन्हां आलें.

परंतु कायदा विधिमंडळ करतें व त्याचें भाष्य खातें करतें. खात्याच्या नियमांत या कलमाचा जो अर्थ रूढ झाला, त्यांत मूळांत नसलेला एक शब्द येऊन बसला. उपचारामुळें इजा झाली एवढें पुरेसें नाहीं; ती खात्याच्या डॉक्टरांच्या निष्काळजीपणानें, हयगयीनें, कौशल्याच्या अभावानें किंवा निर्णयाच्या चुकीनें झाली, अर्थात् कोणाचा तरी ‘दोष’ होता, असें दिसलें पाहिजे; नाहीं तर ती एखादी अकल्पित दुर्घटना तरी असली पाहिजे. समासांतील टीप ओळींत आली ती अशी. सुमारें साठ वर्षें या टीपेच्या आधारें अर्ज फेटाळले गेले.

एवढा दीर्घकाळ ती कोणाच्या लक्षांत कशी आली नाहीं, असें वाचक विचारतील. उत्तर असें कीं, मूळ व भाष्य ताडून पाहणारा तिसरा कोणी नव्हताच. १९३३ च्या त्याच कायद्यानें खात्याचा निर्णय अंतिम ठरवून त्यावर न्यायालयांत दाद मागण्याची बंदी केली होती. शिवाय अर्जदारानें वकील करावा तर त्याची फी दहा डॉलरांहून अधिक असूं नये, हा अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या वेळचा, १८६४ चा, निर्बंध तसाच चालू होता. अर्जदारांस लुबाडणाऱ्या दलालांपासून वांचवावें हा त्याचा मूळ हेतु. परंतु सवाशें वर्षांनंतर दहा डॉलरांत कोण वकील उभा राहणार? १९८५ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंही हा निर्बंध उचलून धरला. अखेर १८ नोव्हेंबर १९८८ रोजीं झालेल्या कायद्यानें सैनिकांच्या दाव्यांसाठीं एक स्वतंत्र अपील-न्यायालय निर्माण झालें, आणि पोथी प्रथमच संशोधकाच्या हातीं पडली.

या मधल्या काळांत न्यायालयांत दुसराही एक प्रवाह वाहत होता. १९४६ च्या कायद्यानें सरकारी नोकरांच्या हयगयीबद्दल सरकारवर दावा लावण्याची वाट खुली झाली होती. तीवरून आलेलीं तीन प्रकरणें सर्वोच्च न्यायालयानें ४ डिसेंबर १९५० रोजीं एकत्र निकालांत काढलीं. त्यांतील एका सैनिकाच्या पोटावर लष्करी इस्पितळांत शस्त्रक्रिया झाली होती. सुमारें आठ महिन्यांनीं, तो नोकरींतून सुटल्यावर, पुन्हां पोट उघडावें लागलें तेव्हां आंतून ३० इंच लांब व १८ इंच रुंद असा एक टॉवेल निघाला, आणि त्यावर लष्कराच्या वैद्यकीय खात्याचा छाप होता. नाणें किंवा ताम्रपट यांवरील राजमुद्रा पाहून त्याचा कर्ता ठरविणाऱ्या आमच्या वाचकांस याहून निःसंदिग्ध पुरावा दुसरा सुचणार नाहीं. तरीही निकाल असा झाला कीं, सेवेच्या अनुषंगानें झालेल्या इजेबद्दल सैनिकास सरकारवर दावा लावतां येत नाहीं. त्यानें सैनिकी भरपाईच्या कायद्याकडे पाहावें. पुढें १९५४ मध्यें, सेवेंतून सुटलेल्या माणसास खात्याच्या इस्पितळांत इजा झाली तर मात्र तो दावा लावूं शकतो, असें त्याच न्यायालयानें ठरविलें. त्या प्रकरणांत गुडघ्याच्या शस्त्रक्रियेच्या वेळीं बांधलेला सदोष पट्टा पायाच्या नसांना बाधला होता. कामावर असलेल्या सैनिकांसाठीं लष्कराकडेच उपचारदोषाबद्दल अर्ज करण्याची सोय २०१९ च्या डिसेंबरांत झाली. न्यायालयाचें दार तेव्हांही उघडलें नाहीं.

या दोन प्रवाहांतील भेद ध्यानांत घेतला पाहिजे. दावा लावणें हा चौथ्या अधिकरणाचा मार्ग; तेथें दोष सिद्ध करावा लागतो, हें न्याय्यच आहे. २१३ वें कलम हा पांचव्या अधिकरणाचा मार्ग होता. खात्याच्या नियमानें पांचव्याच्या दारावर चौथ्याचा पहारेकरी बसविला.

आतां गार्डनर यांचें प्रकरण. हे गृहस्थ कोरियाच्या युद्धांतील सैनिक. पाठीच्या मणक्यांतील चकती सरकल्यामुळें खात्याच्या इस्पितळांत त्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली. तो विकार सेवेंतून आलेला नव्हता. शस्त्रक्रियेनंतर डावी पोटरी, घोटा व पाऊल यांत वेदना व दुबळेपणा आला, व तो शस्त्रक्रियेचाच परिणाम होय असें त्यांचें म्हणणें होतें. खात्यानें नेहमींचें उत्तर दिलें: दोष दिसत नाहीं, दुर्घटनाही दिसत नाहीं, सबब अर्ज नामंजूर. नव्या अपील-न्यायालयानें १९९१ मध्यें खात्याविरुद्ध निर्णय दिला. १९९३ मध्यें वरच्या न्यायालयानें तो कायम केला. आणि १२ डिसेंबर १९९४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें त्यावर शिक्कामोर्तब केलें. निवाडा न्यायमूर्ति डेव्हिड सूटर यांनीं लिहिला. प्रकरणाचें नांव ब्राऊन विरुद्ध गार्डनर. यांतील जेसी ब्राऊन हे त्या वेळीं खात्याचे मंत्री होते, आणि १९६५ मध्यें व्हिएतनामांत गोळी लागून त्यांचा स्वतःचा उजवा हात निकामी झाला होता. एका जखमी सैनिकाविरुद्ध दुसऱ्या जखमी सैनिकाचें नांव कज्जाच्या मथळ्यावर यावें, हा योग विलक्षण खरा. परंतु भांडण त्या दोघांचें नसून एका शब्दाचें होतें.

सूटर यांची विचारसरणी आमच्या पाठशाळेंतील कोणाही शास्त्र्यास परकी वाटणार नाहीं. सरकारचें म्हणणें होतें कीं, ‘इजा’ या शब्दांतच कोणाचा तरी दोष गर्भित आहे. न्यायालय म्हणालें, त्याच कायद्यांत सेवेंत झालेल्या दुखापतींसाठीं हाच शब्द येतो, आणि तेथें दोषाची गंधवार्ताही नाहीं. एकाच ग्रंथांत एका शब्दाचे सोयीप्रमाणें दोन अर्थ करतां येत नाहींत. दुसरें, ‘परिणाम म्हणून’ हे शब्द कार्यकारणसंबंध दाखवितात, दोष नव्हे. शिवाय हेच शब्द व्यावसायिक प्रशिक्षणांत झालेल्या इजेलाही लागू आहेत, व तेथें खातें स्वतःच दोषाचा पुरावा मागत नव्हतें. तिसरें, रोग्याचें गैरवर्तन कलमांत स्पष्ट शब्दांनीं वगळलें आहे. अर्थात् दोषाविषयीं बोलावयाचें असतें तर विधिमंडळास तें बोलतां येत होतें. मीमांसकांच्या परिभाषेंत, खात्यानें श्रुतहानि व अश्रुतकल्पना हे दोन्ही दोष केले होते: जें ऐकूं येतें तें सोडलें आणि जें ऐकूं येत नाहीं तें कल्पिलें. आणि शंका राहिलीच तर तिचा फायदा सैनिकास द्यावा, ही तिकडील जुनी परंपराही न्यायालयानें स्मरली.

सरकारच्या भात्यांत शेवटचा बाण नियमाच्या वयाचा होता. साठ वर्षें चालत आलेला अर्थ चुकीचा कसा म्हणावा? यास न्यायालयाचें उत्तर असें कीं, नियमाचें वय हा मूळाशीं असलेल्या विरोधावर उतारा होऊं शकत नाहीं. आणि हा नियम टिकला तो तपासणाऱ्यापासून दूर राहिला म्हणून. हें वाचतांना आम्हांस पुण्याच्या भांडारकर संस्थेंतील महाभारताच्या संशोधित आवृत्तीचें स्मरण झालें. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं आदिपर्वाचें संपादन १९३३ मध्यें पुरें केलें, आणि पिढ्यानपिढ्या लोकांच्या तोंडीं बसलेले अनेक श्लोक व आख्यानें मूळांतून काढून तळटीपांत व परिशिष्टांत घातलीं. त्या वेळींही पुष्कळांनीं विचारलें होतें कीं, इतकीं शतकें चाललें तें खोटें कसें? संशोधकाचें उत्तर दोन्हीकडे एकच आहे. किती प्रतींत आहे व किती दिवस आहे यावरून मूळ ठरत नाहीं.

न्यायालयानें मर्यादाही घालून दिली, ती सांगितली पाहिजे. सडलेला अवयव काढण्यास रोग्यानें संमति दिली असेल, तर तो अवयव गेल्याबद्दल भरपाई मागतां येणार नाहीं. तसेंच मूळ रोगच आपल्या स्वाभाविक गतीनें वाढला तर त्याचा भार उपचारावर टाकतां येणार नाहीं. म्हणजे दोषाची अट गेली तरी कारणाची अट राहिलीच होती.

यापुढील भाग मात्र पोथीच्या इतिहासांत सहसा सांपडत नाहीं. प्रक्षेप उघडकीस आल्यावर दोनच वर्षांत विधिमंडळानें तो स्वतःच्या हातानें मूळांत लिहिला. सप्टेंबर १९९६ च्या कायद्यान्वयें अपंगत्वाचें निकटचें कारण खात्याचा निष्काळजीपणा, हयगय, योग्य कौशल्याचा अभाव, निर्णयांतील चूक किंवा तत्सम दोष हें असलें पाहिजे, अथवा वाजवी रीतीनें ज्याची पूर्वकल्पना येऊं शकत नव्हती अशी घटना हें असलें पाहिजे. १ ऑक्टोबर १९९७ पासूनच्या अर्जांस हा नवा पाठ लागू झाला. त्यापूर्वींच्या अर्जांस जुना. एकाच कलमाचे दोन पाठ, आणि अर्जावरील तारीख पाहून कोणता वाचावयाचा तें ठरवावयाचें, अशी स्थिति झाली. त्याच कायद्यांत, याच्या अगदीं शेजारच्या कलमानें, व्हिएतनामांत लढलेल्या सैनिकांच्या ज्या अपत्यांस जन्मतः पाठीच्या कण्याचें व्यंग आहे त्यांस साहाय्य देऊं केलें. एकीकडे जें वांचलें तें दुसरीकडे खर्चीं पडलें.

यावर विधिमंडळास दोष द्यावा काय? आमचें मत असें कीं, ग्रंथकारास आपला ग्रंथ बदलण्याचा अधिकार आहे. तो लेखकास नाहीं. प्रत्येक उपचारांत कांहीं धोका असतोच. उत्तम डॉक्टरानें उत्तम रीतीनें केलेल्या शस्त्रक्रियेचाही परिणाम कधीं वाईट होतो. त्या सर्वांचा बोजा राष्ट्रानें उचलावा कीं नाहीं, हा खर्चाचा व धोरणाचा प्रश्न आहे, व तो निवडून दिलेल्या लोकांनीं उघडपणें सोडवावा हें ठीकच. साठ वर्षें हाच निर्णय मूळास हात न लावतां, कचेरींतल्या कचेरींत, ज्यास दाद मागतां येत नाहीं अशा माणसाविरुद्ध घेतला जात होता. आमचा आक्षेप त्यावर आहे. नव्या पाठांत ‘पूर्वकल्पना न येण्याजोगी घटना’ हें एक लहान दार उघडें राहिलें, आणि २००४ च्या नियमांनीं रोग्याची समजूनउमजून घेतलेली संमति नसणें हाही दोषच ठरविला. मूळाकडे पाहण्याची संवयही गेली नाहीं. २०१३ मध्यें एका प्रकरणांत, पाण्यांतील व्यायामाच्या उपचारासाठीं आलेल्या सैनिकाच्या हातीं खात्याच्या इमारतींतील शौचगृहांतील आधाराची दांडी निखळून तो पडला होता. खातें म्हणालें, दांडी म्हणजे उपचार नव्हे. अपील-न्यायालयानें कलमाचे शब्द पुन्हां वाचून सांगितलें कीं, रोग्यासाठीं लावलेलें साधन नीट ठेवणें हाही उपचार पुरविण्याचाच भाग होय.

आपल्या देशांतील स्थितीविषयीं दोन शब्द लिहून लेख संपवितों. सैनिकाचें अपंगत्व सेवेमुळें उद्भवलें किंवा सेवेमुळें वाढलें, हा आपल्या अपंगत्व-वेतनाचा मुख्य निकष आहे. भरतीच्या वेळीं रोगाची नोंद नसेल तर माणूस निरोगी होता असें धरावें, व उलट सिद्ध करण्याचा भार सरकारवर आहे, असें आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०१३ मध्यें १९८२ च्या नियमांच्या आधारें सांगितलें. पुढें २६ सप्टेंबर २०२३ रोजीं एका निवृत्त वायुसैनिकाच्या प्रकरणांत त्याच न्यायालयानें महत्त्वाचा निकाल दिला. २००२ मध्यें ‘ऑपरेशन पराक्रम’च्या वेळीं सीमेजवळील लष्करी इस्पितळांत त्यास रक्त चढविण्यांत आलें होतें; २०१४ मध्यें त्यास एच. आय. व्ही. चा संसर्ग असल्याचें निष्पन्न झालें. न्यायमूर्ति रवींद्र भट व दीपंकर दत्ता यांनीं लष्कर व वायुदल या दोहोंस जबाबदार धरून १ कोटी ५४ लक्ष ७३ हजार रुपये भरपाई देवविली. हा मार्ग दोषमूलकच होता; तथापि न्यायालयानें असें धरलें कीं, अशा प्रसंगीं वस्तुस्थिति स्वतःच बोलते, आणि आपली चूक नव्हती हें दाखविण्याचा भार इस्पितळावर येतो.

आमच्या हवालदारांच्या वाक्यास मिळालेलें हें उत्तर होय. ज्यास भूल दिली होती त्यानें चूक दाखवावी असें म्हणणें म्हणजे पुरावा ज्याच्या हातीं नाहीं त्याच्याकडून तो मागणें होय. यावर दोनच उपाय आहेत. एक तर १९२४ च्या कलमाप्रमाणें दोषाचा प्रश्नच सोडून द्यावा, नाहीं तर तो प्रश्न जो शुद्धीवर होता त्यास विचारावा. तिसरा उपाय, म्हणजे अर्जदाराच्या मौनास त्याचा पराभव समजणें, हा उपाय नव्हे. हवालदार आज हयात नाहींत. त्यांच्या तीन अर्जांच्या नकला आमच्या दप्तरांत आहेत. उत्तरांचे कागद त्यांच्या घरच्यांनीं रद्दींत दिले.

म्हणून संग्राहक वाचकांस एक विनंति. पेशवेकालीन सनदांसाठीं आपण जुने वाडे पालथे घालतों. त्याच वाड्यांच्या कोनाड्यांत पलटणींतून आलेल्या माणसांच्या लोखंडी ट्रंका असतात. त्यांत सेवामुक्तीचे दाखले, इस्पितळाचीं पत्रें, अर्जांच्या नकला व नामंजुरीचीं उत्तरें सांपडतात. हे कागद जुने नाहींत, अक्षर सुबक नाहीं, भाषा कचेरीची आहे. परंतु मूळ काय होतें आणि प्रक्षेप कोठें झाला हें पुढील संशोधकास कळावयाचें असेल तर तें या कागदांवरूनच कळणार आहे. ते रद्दींत जाऊं देऊं नयेत. इत्यलम्.